सुट्टीतले मराठी : जबलपूरच्या घरांतील उन्हाळा

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची लिखित संहिता)



शाळेच्या हीरक महोत्सवात शाळा भरलेल्या दिवसांचा हिशेब होणे स्वाभाविक आहे. निकाल, स्नेहसंमेलने, शिष्यवृत्त्या, इमारतीवर चढलेला प्रत्येक मजला यांची नोंद दप्तरात असते. वर्षातील जे दीड-दोन महिने शाळेला कुलूप असते, त्यांची नोंद मात्र कोठेच नसते. जबलपूरसारख्या हिंदीभाषक शहरातील मराठी शाळेच्या बाबतीत ही उणीव जरा अधिक जाणवते. शाळेने वर्षभर जी भाषा शिकवली, तिचा घरगुती सराव उन्हाळ्याच्या सुट्टीत होत असे आणि तो कोणी वेळापत्रक लावून घेत नसे. पन्ह्याचा पेला, पत्त्यांचा डाव, गच्चीवरचे अंथरूण यांच्या सोबतीने तो होऊन जात असे. आजचे विवेचन त्या लहानसहान सुखांविषयी आहे. ती कशी होती, कोणाच्या कष्टांवर उभी होती आणि त्यांतील काय आजच्या घरात टिकवता येईल, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

जबलपूर आणि मराठी माणूस यांचा संबंध जुना आहे. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांच्या ताब्यात आले. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७-१८ च्या युद्धानंतर इंग्रजांकडे. मार्च १८७० मध्ये मुंबईकडचा आणि अलाहाबादकडचा लोहमार्ग जबलपुरात एकत्र आले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला, तर १९५६ मध्ये नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय येथे आले. रेल्वे, टपाल, कारखाने, कचेऱ्या, न्यायालय आणि महाविद्यालये यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येत गेली व येथलीच झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती, त्याच प्रांतात जबलपूर होते. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूरच्या अनेक घरांतील मुलांचे आजोळ दुसऱ्या राज्यात गेले. मामाचे घर जागच्या जागी राहिले, पण त्या घराची आणि या घराची पाठ्यपुस्तके, राजभाषा, नोकऱ्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पुढच्या काळात मुलांच्या कानावर मराठी कोठून पडेल, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक घरापुढे आहे.

येथला उन्हाळा कोरडा आणि कडक. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी लू वाहते, आणि सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की मेअखेरच्या नऊ दिवसांना सारे शहर ‘नौतपा’ म्हणते. या उन्हाने दिवसाचे तीन सरळ भाग पाडून दिले होते. पहाट बाहेरची, दुपार कोंडलेली, रात्र मोकळी. मुलांची सुखेही याच तीन भागांत वाटलेली असत.

पहाटेचे सुख म्हणजे ग्वारीघाट. अमरकंटकाला उगम पावून १३१२ किलोमीटर वाहत जाणारी नर्मदा जबलपूरच्या मुलांना नकाशावर भेटण्याआधी घाटाच्या पायरीवर भेटे. वडिलांचे बोट धरून घोटाभर पाण्यात उभे राहायचे, शेजारच्या यात्रेकरूने ‘नर्मदे हर’ म्हटले की आपणही म्हणायचे, आणि ओल्या कपड्यांनी परतताना वाळवंटात पिकलेली खरबुजे-टरबुजे घ्यायची. खरबूज देठाशी हुंगून निवडावे, टरबूज बोटाने वाजवून पाहावे, हे ज्ञान वडिलांकडून मुलांकडे तेथेच जाई. एकाच फळासाठी पुण्याकडची आत्या ‘कलिंगड’ म्हणे, नागपूरचा मामा ‘टरबूज’ म्हणे आणि विकणारा ‘तरबूज’ म्हणे. सहा वर्षांच्या मुलाला भाषेचा भूगोल समजावून सांगण्यास याहून सोपे साधन मिळणार नाही. फळ संपल्यावरही काम संपत नसे. खरबुजाच्या बिया धुऊन उन्हात टाकायच्या आणि दुपारी सगळ्यांनी मिळून त्या सोलायच्या. रानातून टोपल्यांत येणारी चाराची फळे खाल्ली की त्यांच्या बियाही फोडायच्या. आईच्या श्रीखंडावर पडणारी चारोळी म्हणजेच शेजारणीची चिरौंजी, हे त्या दगडाच्या ठोक्यांबरोबर लक्षात राही.

दुपारी अकरा वाजता खिडक्या बंद होत आणि वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारले जाई. पुढे पत्र्याचे कूलर आले, तेव्हा त्यात बादलीने पाणी भरण्याचा मान मिळावा म्हणून भावंडांत भांडणे होत. माठातले पाणी गार का होते आणि कूलर वारा थंड का करतो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : पाणी वाफ होताना भोवतालची उष्णता घेऊन जाते. हवा कोरडी असेल तोवरच ही युक्ती चालते. जूनमध्ये एखाद्या दिवशी कूलर चालू असूनही अंग चिकट होई आणि आजी सांगे, ‘‘आता पाऊस जवळ आला.’’ विज्ञानाच्या पुस्तकातील बाष्पीभवनाचा धडा ज्यांना पुढे सोपा गेला, त्यांतील कित्येकांनी तो आधी आजीकडून ऐकलेला होता.

खाण्यापिण्याची सुखे याच दुपारची. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर हळदीकुंकवे चालत. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे आणि अत्तराचा फाया यांसाठी गल्लीतील हिंदीभाषक बायकाही हक्काने येत. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, चिमूटभर मीठ आणि वेलदोडा यांचे पन्हे आणि शेजारच्या घरातील भाजलेल्या कैरीचे, पुदिना-जिऱ्याचे ‘पना’ यांतील श्रेष्ठ कोणते, हा वाद मुले दोन्ही पेले रिकामे करूनच सोडवीत. घामाबरोबर गेलेले मीठ आणि पाणी दोन्ही पेये भरून देतात, म्हणून दोन्ही आजींचे म्हणणे बरोबरच होते. बुंदेली वळणाच्या घरांत अक्षय्य तृतीयेला ‘अक्ती’ म्हणतात आणि मुली बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात. मराठी घरातील भातुकली आणि ही अक्ती एकत्र आली की बाहुली मराठी आणि बाहुला हिंदी असा विवाह होई, आणि दोन्हीकडच्या आयांना खरोखरीचा फराळ करावा लागे.

बंद खोलीतील मुख्य करमणूक म्हणजे पत्ते, सागरगोटे, काचाकवड्या आणि भेंड्या. लहान मुलाला झब्बू येतो की नाही याला महत्त्व नसे. त्याला मोठ्यांच्या गोलात बसायला मिळाले, हे महत्त्वाचे. ‘हुकूम’, ‘उतारी’, ‘डाव’, ‘राज्य घेणे’ हे शब्द कोणी शिकवीत नसे. हरायचे नसेल तर ते यावेच लागत. भेंड्यांमध्ये तर भाषेची खरी कसोटी लागे. बाहेरची गाणी हिंदी, शेजार हिंदी, आणि घरातला नियम असा की भेंडी मराठीच हवी. मग मुले आजीच्या ओव्या, शाळेतल्या कविता, आजोबांचे श्लोक शोधून काढीत.

येथे एका अक्षराचा उल्लेख केला पाहिजे. ते अक्षर म्हणजे ‘ळ’. आजूबाजूच्या हिंदीत ते नाही. त्यामुळे येथल्या मराठी मुलाच्या जिभेवरून सर्वांत आधी घसरते ते हेच. ‘शाळा’ची ‘शाला’ होते, ‘बाळ’चा ‘बाल’ होतो. पण उन्हाळ्याचा शब्दसंग्रह पाहावा : उन्हाळा, वाळा, गूळ, डाळ, जांभूळ, फळ, वाळवण, सकाळ, संध्याकाळ. जणू ऋतूनेच उच्चाराचा सराव मांडून ठेवला होता. ज्या मुलाला दिवसातून चार वेळा गूळ, डाळ आणि वाळा मागावा लागे, त्याला ‘ळ’ वेगळा शिकवावा लागत नसे. भेंडी ‘ळ’वर आली की ‘ल’ घेण्याची सवलत मिळे. त्यामुळे मराठीतला कोणताही शब्द ‘ळ’ने सुरू होत नाही, ही व्याकरणातील गोष्टही खेळता खेळता समजे.

रात्री गच्चीवर पाणी शिंपडले जाई, अंथरुणे पडत आणि आकाश उघडे होई. मे महिन्याच्या रात्री सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की तांबूस स्वाती सापडते आणि आणखी पुढे गेले की चित्रा. आजोबांच्या बोटाने काढलेली ही रेघ ज्याने एकदा पाहिली, तो ती विसरत नाही. मग गोष्टी निघत. रानीताल राणी दुर्गावतीने बांधला, चेरीताल तिच्या दासीने, आधारताल तिच्या मंत्र्याने, अशी या गावाची परंपरा सांगते. राणी २४ जून १५६४ रोजी मोगल सैन्याशी लढताना धारातीर्थी पडली. ‘चेरी’ म्हणजे दासी, हा अर्थ कळला की रोज बसने जाताना दिसणारी पाटी मुलाशी बोलू लागते. त्या तलावांपैकी काहींच्या जागी आज वस्ती आहे, मैदान आहे. नावात पाणी आहे, जागेवर नाही. मुले हे विचारतात, आणि त्यांना खरे उत्तर द्यावे लागते.

हंगामातून एखाद्या वेळी भेडाघाटची सहल होई. शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर अंतर. डब्यात दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि लोणचे. धुआँधारचे तुषार अंगावर घेतले की संगमरवरी कड्यांमधून नावेत बसायचे. नावाडी यमकांत वर्णन करीत नाव वल्हवतात, दगडात हत्ती, घोडे दाखवतात. तो चालला म्हणजे मुलेही यमके जुळवू लागत. त्याने हिंदीत म्हटलेले त्यांनी मराठीत करून दाखवायचे, हा परतीच्या वाटेवरचा खेळ. दोन भाषांत अशी ये-जा करणे ही या प्रदेशाची जुनीच रीत आहे. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. १९२० मध्ये जबलपुरातून ‘कर्मवीर’ सुरू होण्यामागे त्यांचीच खटपट होती. एक भाषा शिकण्यासाठी दुसरी विसरावी लागत नाही, याचा याहून चांगला दाखला जबलपूरकराला बाहेर शोधण्याची गरज नाही.

सुट्टीतील सर्वांत मोठे सुख म्हणजे आजोळचा प्रवास. अनेक कुटुंबे इटारसीवरून मोठ्या गाडीने जात. पण मुलांची आवडती गाडी गोंदियाची. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ती छोटी गाडी ग्वारीघाटापाशी नर्मदा ओलांडून नैनपूर, बालाघाटमार्गे सातपुड्यातून गोंदियाला पोहोचे. विसाव्या शतकाच्या आरंभी घातलेला हा मार्ग रुंदीकरणासाठी २०१५ मध्ये बंद झाला आणि आता तेथून मोठ्या गाड्या धावतात. जुनी गाडी सावकाश चाले, म्हणूनच ती मुलांची होती. पूल आला की नाणे नदीत टाकायचे, चढावर गाडी हळू झाली की खिडकीतून पळस मोजायचे, स्थानकावर शेंगदाणे घ्यायचे. गोंदिया आले की फलाटावरची भाषा बदलू लागे. घरात बोलली जाणारी भाषा परक्या माणसांच्याही तोंडी असते, हे या मुलांना प्रथम तेथे कळे. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य दिसे, ते महाराष्ट्रात वाढलेल्या मुलाच्या वाट्याला येत नाही.

या सुखाला एक काटाही होता. जबलपूरचे मूल आजोळी पोहोचले आणि ‘मला भूक लागून राहिली’ किंवा ‘मी नहाऊन येतो’ असे म्हणाले की मामेभावंडे हसत. हसणाऱ्यांच्या मनात वाईट नसे. पण ज्याच्यावर हसू येते, ते मूल दुसऱ्या दिवसापासून कमी बोलते आणि तिसऱ्या दिवसापासून हिंदीत बोलते. मराठी घरांतून मराठी जाते ती बहुधा अशीच, एखाद्या हसण्यातून. कोणी तिला घराबाहेर घालवलेले नसते. ज्या आजीने हसणाऱ्यांना गप्प केले आणि त्या मुलाला ‘‘सांग पुढे, काय झालं तुमच्या घाटावर?’’ असे विचारले, तिने भाषेसाठी जे केले ते मोठ्या संमेलनांनाही साधत नाही. मुलाची चूक लगेच सुधारण्यापेक्षा तेच वाक्य आपल्या उत्तरात बरोबर करून म्हणावे. मूल ते उचलते. आलेल्या पालकांनी आजच्या भाषणातील एवढी एक गोष्ट जरी घरी नेली तरी पुरे.

या शहराच्या स्मृतीतील एक उन्हाळा निराळा आहे. २२ मे १९९७ रोजी पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. जीव गेले, हजारो घरांना तडे गेले. त्यानंतरच्या रात्री कित्येक कुटुंबांनी अंगणांत आणि मैदानांत काढल्या. मोठ्यांच्या मनात भीती होती. मुलांना मात्र एवढेच दिसत होते की सगळी गल्ली एकत्र झोपते आहे, बाबा लवकर घरी येत आहेत आणि आई रात्री गोष्ट सांगते आहे. मदनमहालच्या टेकडीवरील तोल सांभाळून उभा असलेला प्रसिद्ध दगड त्या धक्क्यातही ढळला नाही. पुढे अनेक पालकांनी मुलांना तो मुद्दाम नेऊन दाखवला. संकटात मुलांना धीर देण्यासाठी आईवडिलांजवळ असते ती रोजचीच सामग्री : एक गोष्ट, एक गाणे, एक सवयीचा खेळ. ज्या घरात ती आधीपासून होती, त्या घराला ती रात्री अडीअडचणीत शोधावी लागली नाही.

या सर्व आठवणींत एक गोष्ट बहुधा सांगायची राहते. मुलांची सुखे बायकांच्या कष्टांवर उभी होती. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून कुरडया घालायच्या तर पहाटे चारला उठावे लागे. मुलांना वाटीभर गरम चीक आणि पापडाच्या लाट्या आठवतात. कावळ्यांपासून वाळवण राखण्याची ऐट आठवते. चुलीपुढचा घाम आठवतो तो क्वचितच. आज आई आणि वडील दोघेही नोकरी करतात. घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि गच्चीला कुलूप आहे. तेव्हा जुना उन्हाळा जसाच्या तसा परत आणा, असे सांगणे म्हणजे त्याचा सगळा भार पुन्हा एकाच व्यक्तीवर टाकणे होईल. कुरडया विकत आणल्या म्हणून काही बिघडत नाही. त्या तळताना मुलाला शेजारी उभे करून ‘ही कशी फुलते पाहा’ असे सांगायला मात्र कोणीतरी हवे, आणि ते कोणीतरी वडीलही असू शकतात.

उन्हाचेही तसेच. दुपारी मुलांना बाहेर पाठवू नये, ही जुनी शिस्त आज अधिकच पाळायला हवी. नदीवर नेताना वरच्या बाजूला आता बरगीचे धरण आहे, पाण्याची पातळी बदलते, हे ध्यानात ठेवून मुलाचा हात सोडू नये. पण कोंडलेली दुपार मोबाईलच्या स्वाधीन करण्याआधी पत्त्यांचा एक जोड घरात असावा. मुले कोठेही राहोत, पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात, आजी-आजोबांनी फोनवर ‘‘अभ्यास कसा चालला आहे?’’ याऐवजी एक भेंडी द्यावी. तिचे उत्तर दुसऱ्या दिवशी येईल, पण मराठीत येईल. जे माजी विद्यार्थी सुट्टीत जबलपूरला येतात, त्यांनी आपल्या मुलांना चेरीतालची पाटी दाखवावी आणि चेरी कोण होती ते सांगावे. त्याला खर्च नाही आणि पाच मिनिटांहून अधिक वेळही लागत नाही.

सुट्टी संपून वर्ग भरले की मराठीच्या पहिल्या तासाला एक निबंध ठरलेला असतो : ‘मी सुट्टी कशी घालवली?’ शाळेच्या शिक्षकांनी इतकी वर्षे असे निबंध तपासले आहेत. शुद्धलेखन शाळा सुधारू शकते. परिच्छेद कसा पाडावा, शेवट कसा करावा, हेही शाळा शिकवू शकते. पण त्या वहीत लिहिण्याजोगे काहीतरी घडलेले असावे लागते आणि ते सांगण्याचे शब्द मुलाने कोणाच्या तरी तोंडून ऐकलेले असावे लागतात. ते काम शाळेला कुलूप असतानाच व्हायचे असते. या हीरक महोत्सवी वर्षात जमलेल्या पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती, की येत्या जूनमध्ये शिक्षकांपुढे येणाऱ्या वह्यांत वाळा, गूळ आणि जांभूळ हे शब्द असू द्यावेत. त्यांतील ‘ळ’ चुकला असला तरी हरकत नाही. तो शाळा दुरुस्त करील.